पंधरावा खिसा

त्या दिवशी धुकं असं दाटलं होतं की हात लांब केला तर आपलीच बोटं परक्याची वाटावीत. वरून जे गळत होतं त्याला पाऊस म्हणवत नव्हतं आणि दव म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. टाकीवालीने डोक्याला मफलर गुंडाळला, नवऱ्याचा जुना रेनकोट अंगात चढवला आणि दारामागच्या खिळ्यावरची पिशवी खांद्याला अडकवली. नवरा अंथरुणातूनच म्हणाला, पायऱ्या निसरड्या असतील, जपून जा. तुमच्या गुडघ्यांनी एवढं जपलं असतं तर आज मी अंथरुणात असते आणि तुम्ही पायरीवर, असं म्हणून तिने दार ओढून घेतलं. हे रोजचंच होतं. त्याने काही म्हटलं नसतं तर तिलाच चुकल्यासारखं झालं असतं.

बावीस वर्षं टाकीचं काम नवऱ्याकडे होतं. डोंगराच्या माथ्यावर पाण्याची टाकी. रोज सकाळी वर जायचं, जाळीतला पालापाचोळा काढायचा, आधी वरच्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा, मग तो बंद करून खालच्या आळीचा. दोन्हीकडचं पाणी झालं की साडेआठला सगळं बंद करून उतरायचं. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा वस्तीने नवा माणूस शोधायला महिना लावला, आणि त्या महिन्यात ही वर जाऊन चाक फिरवून येऊ लागली. नवा माणूस शोधायचं मग राहूनच गेलं. सहा वर्षं झाली. तिचं नाव आता रेशनकार्डावर तेवढं उरलं होतं. बाकी ती सगळ्यांची टाकीवाली.

पण लोक तिची वाट पाहायचे ती काही नुसती पाण्यासाठी नव्हे. त्यांची वस्ती म्हणजे कढईचा तळ. चहूकडून डोंगर, मध्ये घरं. खाली मोबाइल म्हणजे घड्याळ, विजेरी आणि फार तर गाणी ऐकायचं यंत्र. त्यातून माणसाचा आवाज यायचा असेल तर एकच जागा होती, टाकीचा कट्टा. पलीकडच्या खोऱ्यातल्या टॉवरची रेंज तिथे कशीबशी पोचायची. दोनशे चाळीस पायऱ्या चढा तेव्हा दोन काड्या दिसायच्या, आणि दहा पायऱ्या उतरलात की पाटीवरचं अक्षर पुसावं तशा जायच्या. कामधंदा सोडून रोज कोण एवढं चढणार? म्हणून लोक फोन टाकीवालीकडे देऊ लागले. जायचंच आहे वर, तर घेऊन जा म्हणाले. रात्रीतून साठलेले मेसेज येतील, कोणी रिंग दिली असेल तर कळेल.

सुरुवातीला ती ते फोन डब्यात न्यायची. मग खालच्या आळीतल्या शिवणवालीने गादीच्या जाड कापडाची एक पिशवी शिवून दिली. पंधरा खिसे, पाचाच्या तीन ओळी. प्रत्येक खिशाच्या काठाला वेगळ्या रंगाचा दोरा, म्हणजे कोणाचा फोन कोणाकडे जायला नको. सुताराचा लाल, दुकानदाराचा हिरवा, मास्तरांचा जांभळा. शिवणवालीच्या स्वतःच्या खिशापर्यंत येता येता रंग संपले. शेवटच्या, पंधराव्या खिशाला तिने साधा पांढरा दोरा घातला. शिंप्याच्या घरात उसवलेलेच कपडे असायचे, वहिनी, असं म्हणून हसली होती.

वर कोणी बोलायला नसतं, म्हणून बाहेरगावच्या नातेवाइकांनी आपापल्या खुणा ठरवून घेतल्या होत्या. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे पैसे पाठवले. मास्तरांच्या लेकीच्या तीन रिंगा म्हणजे भांडण झालंय, आई, तू ये. टाकीवालीला कोणी सांगितलं नव्हतं, पण सहा वर्षांत साऱ्या वस्तीच्या खुणा तिला पाठ झाल्या होत्या. मात्र फोन ती उचलायची नाही. एकदाच उचलला होता. सुताराचा फोन वाजवाजवाजला तेव्हा तिला दया आली. पलीकडून बाईचा आवाज आला, ते कुठेत? हिने सरळपणाने सांगितलं, अजून झोपलेत. पलीकडे माहेरी गेलेली सुताराची बायको होती. सकाळी सव्वासातला परक्या बाईच्या तोंडून नवऱ्याच्या झोपेची खबर ऐकल्यावर ती दुसऱ्याच दिवशी ट्रंक घेऊन हजर झाली, आणि सहा महिने सुताराच्या घरी रंध्यापेक्षा तोंडंच जास्त चालली. तेव्हापासून टाकीवालीने कानाला खडा लावला. वाजू दे. आपण फक्त वर न्यायचं आणि खाली आणायचं.

वस्तीत आणखी एक सोय होती. कुणाचं काही चुकलं, विसरलं, टाळलं, की रेंज नव्हती म्हणायचं. बहिणीच्या घरी वेळेवर गेला नाहीत? रेंज नव्हती. कबूल केलेलं काम राहिलं? रेंजच नव्हती हो. रेंजवर काहीही ढकलावं. ती बिचारी उलट बोलायला येत नाही.

तर त्या धुक्याच्या सकाळी टाकीवाली घरोघरी फोन गोळा करत शिवणवालीच्या दारात आली. शिवणवाली उंबऱ्यातच उभी होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता हे दिसत होतं. तिची थोरली बहीण, जिने आईमागे तिला लहानाची मोठी केली होती, ती अकरा दिवस शहरातल्या दवाखान्यात पडून होती. शिवणवाली चार दिवस जाऊन राहून आली होती. शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर होतं म्हणून परतली. येताना भाच्याशी ठरवून आली होती, रोज सकाळी आठला रिंग द्यायची. एक दिली तर बरं आहे. दोन दिल्या तर लगेच निघून ये.

फोन देताना ती म्हणाली, "वहिनी, आज मन कुठे लागत नाही. पिशवी भरून ठेवलीय. एक वाजली तर गणवेश पुरे करते. नाहीतर साडेनऊची गाडी."

साडेनऊची गाडी दिवसातून एकदाच यायची आणि एकदाच जायची. टाकीवालीने फोन पंधराव्या खिशात सरकवला, वाजली तर एकच वाजेल गं, म्हणाली आणि पायऱ्यांकडे वळली.

वर धुकं जास्तच होतं. टाकी दहा पावलांवर आली तेव्हा दिसली. तिने पिशवी कट्ट्याच्या गजाला टांगली आणि जाळीतली पानं काढायला वाकली. पाण्यात हात घातला तर हाडापर्यंत कळ गेली. मागे पिशवीत मेसेज पडू लागले, टिंग टिंग टिंग, पत्र्यावर गारा पडाव्यात तसे. वरच्या आळीचं चाक सतरा फेरे उघडून झालं, बंदही झालं, मग तिने खालच्या आळीचं उघडलं. रेनकोटच्या मानेतून पाणी पाठीवर उतरत होतं. चपलेचा अंगठा सैल झाला होता. बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून ती टाकीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि काखेत हात खुपसले.

आठला शिवणवालीचा फोन वाजला. एक रिंग. टाकीवाली दुसरीची वाट पाहू लागली. दोन मिनिटं गेली, पाच गेली. फोन गप्प. तिचा जीव भांड्यात पडला. बरं आहे म्हणायचं. आता खाली जाऊन सांगावं, म्हणजे तिचाही पडेल. घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेआठपर्यंत थांबायचं ते पाण्यासाठी, पण आज असल्या हवेत कोण आंघोळीला बसलंय? भरल्या असतील बादल्या. तिने चाक सतरा फेरे उलट फिरवलं, पिशवी गजावरून काढली आणि उतरायला लागली. चाळीसएक पायऱ्या उतरल्यावर चपलेचा अंगठा निघाला, तेवढी ती थांबली होती. एरवी कुठेही नाही.

खाली येऊन तिने हसतच फोन दिला. शिवणवालीने स्वतः पाहिलं. एक मिस कॉल, आठ वाजता. तिने डोळे मिटले, उघडले, आणि चहा टाकला. दोघींनी उभ्याउभ्याच घेतला. साडेनऊची गाडी कोपऱ्यावर हॉर्न देऊन गेली तेव्हा शिवणवालीच्या मशीनचा आवाज चालू होता. भरलेली पिशवी तिने पुन्हा खुंटीला लावली होती.

दुसऱ्या दिवशी धुकं गेलं. लख्ख ऊन पडलं, आणि चढताना टाकीवालीला घाम आला. पिशवी गजाला टांगली तोच पंधराव्या खिशात एकामागून एक मेसेज पडायला लागले. शिवणवालीला एवढे कधी येत नसत. दुसऱ्याचा मेसेज वाचायचा नाही हाही तिचा नेम होता, पण फोन खिशातून अर्धा वर आलेला, पडदा समोर उजळलेला होता आणि डोळे काही मिटले नाहीत.

पहिला मेसेज कंपनीचा होता. तुमचा फोन बंद असताना या नंबरावरून कॉल आला होता, वेळ काल सकाळी आठ वाजून सोळा मिनिटं. दुसराही कंपनीचाच, काल दुपारपासून रात्रीपर्यंत अकरा कॉल. तिसरा भाच्याचा होता. मावशी, आई गेली. संध्याकाळी. तू आली नाहीस.

टाकीवाली कट्ट्यावर बसली. खालच्या आळीचं पाणी पाइपातून घुंघुं करत निघालं होतं. तिने बोटांवर मोजलं. आठ दहाला निघाले. चाळीस पायऱ्या. चप्पल. आठ सोळाला ती दुसरी रिंग डोंगरावर आली तेव्हा कट्टा रिकामा होता, आणि फोन तिच्या खांद्यावर खाली, दगडासारखा मुका. पंधरावीस मिनिटं आणखी उभी राहिली असती तर. भिजली असती, दुसरं काय झालं असतं?

मग तिच्या मनात एक गोष्ट आली, आणि एकदा आल्यावर ती काही जाईना. साडेआठला ती उतरते हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. आठ सोळा हा आकडा शिवणवालीने पाहिला तर ती विचारणार. नाही पाहिला तर? भाच्याने रिंग दिली, ती लागली नाही. रेंज. रेंजचं कोणी काय वाकडं करणार? तिने फोन खिशातून काढला. पहिला मेसेज पुसू का, असं फोनने विचारलं, आणि तिने हो दाबलं. बाकीचे दोन तसेच ठेवले. फोन खिशात सरकवताना तिला उगाचच मागे बघावंसं वाटलं. मागे टाकी होती आणि टाकीवर एक कावळा.

खाली येऊन तिने फोन दिला, यावेळी काही न बोलता. शिवणवालीने वाचलं. रडली नाही. खुंटीवरची पिशवी काढली, मशीनवरचा अर्धा शिवलेला गणवेश तसाच ठेवला, सुई कापडात रुतलेली, आणि साडेनऊच्या गाडीने गेली. टाकीवाली कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली होती. गाडी सुटताना शिवणवालीने तिचा हात दाबला. तो हात तिने घरी येऊन बराच वेळ पाण्याखाली धरला.

मधले दिवस तिने कसे काढले ते तिलाच माहीत. रोज वर गेली, चौदा फोन घेऊन. पंधरावा खिसा रिकामा लोंबायचा. लोक विचारायचे, काय गं, कसं झालं हे? ती काही बोलायच्या आधी तेच उत्तर द्यायचे, रेंजचं असंच, ऐन वेळी दगा देते. मास्तर तर म्हणाले, अर्ज करायला हवा टॉवरसाठी, सगळ्यांच्या सह्या घेऊन. ती मान हलवायची. नवऱ्याने दोनदा विचारलं, जेवत का नाहीस. तिने गुडघ्यांचा विषय काढला नाही, टोमणा मारला नाही, तेव्हा तो खरा घाबरला. बायको गोड वागायला लागली की घरात काहीतरी मोडलंय हे त्याला पस्तीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. पण त्याने खोदलं नाही. गुडघे गेल्यापासून तो तिला फारसं काही विचारायचा नाही. मी जायला हवं तिथे ती जाते, मग विचारू कुठल्या तोंडाने, असं त्याचं असायचं.

आठवड्याने शिवणवाली परत आली. तिसऱ्या दिवशी तिने निरोप धाडला, पिशवीचा पट्टा उसवलाय ना, घेऊन या.

पट्टा खरंच उसवला होता. टाकीवाली पिशवी घेऊन गेली. खोली होती तशीच होती. खिडकीशी मशीन, निळ्या गणवेशांची चळत, बटणांचा डबा, तेलाचा वास. शिवणवालीने पिशवी घेतली, मांडीवर पसरली आणि पट्ट्याला टाके घालता घालता सांगत गेली. भाच्याने शपथेवर सांगितलं होतं की दोन रिंगा दिल्या. पहिली दिली आणि तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. बाहेर आल्याबरोबर दुसरी दिली. फोन बंद आहे असं ऐकू आलं, पण त्याला वाटलं, तिकडचं ते नेहमीचंच आहे, रिंग तरी पोचली असेल. तो दुपारी गाडीच्या वेळेला थांब्यावर जाऊन उभा राहिला. गाडी रिकामी झाली तरी उभा राहिला. बहीण दुपारपर्यंत शुद्धीवर होती. वॉर्डाचं दार करकरायचं, आणि ते करकरलं की विचारायची, आली का? भाचा म्हणायचा, गाडीला उशीर झालाय. चारच्या सुमाराला तिने विचारायचं थांबवलं.

दोरा दाताने तोडून शिवणवालीने वर पाहिलं.

"रेंज गेली होती का हो वहिनी, मध्येच?"

प्रश्नात राग नव्हता. उलट हात धरून वाट दाखवावी तसा तो होता. नुसतं हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. सारी वस्ती आठवडाभर तेच म्हणत होती, आणि टाकीवालीने एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

"रेंज होती," ती म्हणाली. "मी नव्हते. मी लवकर उतरले त्या दिवशी."

"का?"

हे का तिने आठवडाभर मनात घोळवलं होतं. पाय घसरला असता, चप्पल तुटली, टाकीत पाणी कमी होतं. एकही तोंडात आलं नाही.

"गार वाटत होतं."

शिवणवालीने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली. मग खाली पाहून म्हणाली, "माहीत होतं मला. त्या दिवशी माझी बादली अर्धीच भरली होती. आठ वाजून दहा मिनिटं झाली आणि नळ गेला. तेव्हा काही वाटलं नाही. दवाखान्यात बसल्यावर आठवलं."

"मग विचारलंस कशाला?"

"तुम्ही हो म्हणाला असता तर मीही म्हटलं असतं," शिवणवाली म्हणाली. "जन्मभर रेंजच म्हटलं असतं. आता काय म्हणू?"

टाकीवालीला अजून एक गोष्ट सांगायची होती, त्या पुसलेल्या मेसेजची. ती शिवणवालीला माहीत नव्हती. नळाने ती सांगितली नव्हती, भाच्यालाही ती ठाऊक नव्हती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात शिवणवालीने पिशवी मशीनवर घेतली, पंधराव्या खिशाचं तोंड बोटांनी जुळवलं आणि पॅडलवर पाय ठेवला. मशीन खडखडलं. इकडून तिकडे एक टीप, तिकडून इकडे दुसरी. पांढऱ्याच दोऱ्याची. टाकीवाली उघडं तोंड मिटून बसली.

शिवणवालीने उरलेला दोरा कापला, पिशवी झटकली, घडी घातली आणि पुढे केली.

"पट्टा पक्का झालाय," ती म्हणाली. "हा एक खिसा आता नको. मला रिंग देणारं राहिलंय कोण?"

भाचा होता की. पण टाकीवालीने ते बोलून दाखवलं नाही. पिशवी घेऊन ती उठली. किती द्यायचे, हा प्रश्न त्या दोघींत कधीच नव्हता, पण आज चहाही झाला नाही. दाराबाहेर पडल्यावर मशीन पुन्हा सुरू झाल्याचं तिने ऐकलं. गणवेश पुरे व्हायचे होते.

घरी नवऱ्याने विचारलं, झाला का पट्टा? तिने पिशवी दारामागच्या खिळ्याला लावली. तो खिळ्याकडे पाहत राहिला. शिवलेला खिसा त्याला दिसला असावा, कारण मग त्याने आणखी काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, रेनकोटला आतून अस्तर लावून घे, थंडी वाढतेय. ती म्हणाली, नको.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं होतं. तिने चौदा फोन गोळा केले. शिवणवालीच्या दाराशी पाय सवयीने थांबले, आणि तिने ते पुढे ओढले. आतून केर काढल्याचा आवाज येत होता. वर कट्ट्यावर पोचून तिने पिशवी गजाला टांगली. टिंग टिंग सुरू झालं. कोणाचं काय, तिने ऐकलं नाही. घड्याळ मात्र तिने रेनकोटच्या बाहीवरून बांधलं होतं, दिसावं म्हणून. आठ दहा झाले. आठ सोळा झाले. साडेआठ झाले तरी ती उभीच होती. खालच्या आळीतल्या बादल्या आज काठोकाठ भरून वाहत असतील, आणि उद्या कोणीतरी म्हणेलच, टाकीवाली, पाणी वाया घालवतेस.

पावणेनऊला तिने ओल्या हातांनी चाक धरलं आणि फेरे मोजायला लागली. एक, दोन, तीन. मध्येच जाळीत एक पान अडकलेलं दिसलं. चाक सोडून तिने ते काढलं, बाजूला टाकलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.